पूल बंद करणाऱ्या बाई

बाई पुलावरून कधी बसून गेल्या नाहीत. रिक्षा असो, ऑफिसची जीप असो की सत्काराला न्यायला आलेली कुणा पुढाऱ्याची गाडी असो, पूल जवळ आला की त्या ड्रायव्हरला म्हणायच्या, "इथे सोडा मला. पलीकडे भेटू." मग कठड्यावर तळहात टेकवत, रमतगमत, चालत पूल ओलांडायच्या. एकदा कल्याणला एक रिक्षावाला घाबरला. एवढ्या वयाची बाई मधेच उतरून कठड्याशी का उभी राहते, म्हणून तो त्यांच्या शेजारून माणसाच्या चालीने रिक्षा चालवू लागला. मागे सगळं ट्रॅफिक बोंबलतंय आणि हा विनवतोय, "मावशी, घरी भांडण झालंय का? बसा, बसा, मी सोडतो घरी." बाई थांबल्या, त्याच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "घरी सगळं छान आहे रे. तुझं मागचं डावं चाक मात्र डुगडुगतंय. ते दाखवून घे."

हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी त्याच रिक्षात होते, ओढणीत तोंड लपवून.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. पुलाच्या कोनशिलेवर नाव कोरलेलंही त्यांना खपायचं नाही. "शिळेचं वजन उगाच पुलावर कशाला?" म्हणायच्या. मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. सरकारी पत्रांवर आयुष्यभर 'श्री.' आणि 'महोदय' येत राहिलं, कारण पुलांची कामं करणारी व्यक्ती बाई असेल हे पत्र टाइप करणाऱ्याच्या डोक्यातच यायचं नाही. ते त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. सुती साडी, घोट्याच्या वर वीतभर नेसलेली, पायात शाळकरी मुलांचे पीटीचे पांढरे बूट, आणि पर्समध्ये रुमाल, खडीसाखर आणि एक छोटी हातोडी.

मी डिप्लोमा करून वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या ऑफिसात मुलाखतीला गेले त्याला वीस-बावीस वर्षं झाली. खाली लेथचा कारखाना आणि वरच्या गाळ्यात ऑफिस. लेथ सुरू झाला की टेबलावरच्या पेन्सिली आपोआप घरंगळायच्या. बाईंनी माझ्या मार्कलिस्टकडे बघितलंसुद्धा नाही. "चल," म्हणाल्या आणि मला रिक्षात घालून खाडीवरच्या एका जुन्या पुलाखाली घेऊन गेल्या. ओहोटी होती. चिखलात उभं राहून त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. गर्डर, खांब, खांबाची टोपी.

"आणखी?"

"चिखल आहे."

"आणखी?"

"कबुतरं," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"हं! कुठे बसलीयत?"

मी बघितलं. सगळ्या खांबांच्या टोप्यांवर कबुतरं होती, एकच टोपी रिकामी होती.

"तिथे वरून पाणी ठिबकतंय," बाई म्हणाल्या. "माणसांना कळायला दोन पावसाळे जातील. कबुतरांना कळलंय. उद्या ये दहा वाजता."

पूल खालून बघायचा असतो, ही त्यांची पहिली शिकवण. दुसरी म्हणजे, पूल वजनाने पडत नाही, पाण्याने पडतो. कुणीही नकाशा पुढे ठेवला की आकडे बघायच्या आधी विचारायच्या, "पाण्याला विचारलंस का?" आमच्याकडे एक नवा इंजिनिअर आला होता, कॉलेजात पहिला आलेला. विठ्ठलवाडीजवळच्या एका नाल्यावरचा छोटा पूल त्याच्याकडे दिला होता. पाण्याचा प्रश्न ऐकून तो हसला. बाईंनी त्याला भर पावसात, छत्री देऊन, नाल्याच्या काठी बसवलं. संध्याकाळी चिंब होऊन परत आला तो. "बाई, सोफा वाहून आला. तीन सीटचा." बाईंनी फक्त भुवया उंचावल्या. त्याने मुकाट्याने नकाशातला पूल हातभर वर उचलला.

हातोडीचं वेड तर त्या राहायच्या त्या सगळ्या डोंबिवलीला ठाऊक होतं. काँक्रीटवर हातोडी मारायची आणि कान द्यायचा. आतून धड असेल तर ते 'टण्ण' म्हणतं. आतल्या सळईला गंज धरून पापुद्रा सुटला असेल तर 'ढप' म्हणतं. बाईंचा कान असा होता की मशीनने तपासायला आलेली माणसं आधी बाईंना विचारायची, मग मशीन लावायची. पण त्या काही फक्त पुलांवर थांबायच्या नाहीत. एका नातेवाइकाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. भटजींचं पुण्याहवाचन चाललेलं असताना बाई गॅलरीत गेल्या, आणि थोड्या वेळाने मंत्रांच्या मधे ठक्, ठक्, ठक् ऐकू यायला लागलं. परत येऊन यजमानांना भर पाहुण्यांत म्हणाल्या, "घर छान आहे. गॅलरीत झोपाळा तेवढा टांगू नका." यजमानीणबाई महिनाभर बोलत नव्हत्या. झोपाळा मात्र टांगला नाही.

या सगळ्याला त्यांचे यजमान, म्हणजे काका, हसायचे. काका बँकेत होते. मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाईंना डाळीला फोडणी आधी की नंतर हेही धड सांगता यायचं नाही. काकांच्या डब्यात आम्हा सगळ्यांचा वाटा असायचा. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यावरून आठवलं. ठाण्याला एका सभागृहात बाईंचा सत्कार होता. एक वक्ते गहिवरून म्हणाले की, बाईंनी बांधलेले पूल हीच त्यांची लेकरं. टाळ्या पडल्या. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पूल म्हणजे लेकरं नव्हेत. लेकरांना माफ करता येतं." एवढं बोलून बसल्या. कुणाला काही कळलं नाही. पहिल्या रांगेत काका चष्मा पुसत होते.

ज्या पुलांसाठी तो सत्कार होता त्यांची गोष्ट सांगायला हवी.

खडवली स्टेशनावर उतरून आत जीपने बरंच गेलं की नदीच्या पल्याड एक गाव आहे. बाई सरकारी नोकरीत नव्या होत्या, तेव्हा त्या गावाला पावसाळ्यात रस्ताच नसायचा. होडी होती, ती एका श्रावणात उलटली. कोण कोण गेलं ते बाई कधी सांगायच्या नाहीत. पुलाचा विषय निघाला की वरिष्ठ म्हणायचे, क्रेन न्यायला रस्ता नाही, क्रेनशिवाय गर्डर चढत नाहीत, म्हणजे पूल नाही. बाईंनी मग गर्डरच बारीक केले. सडपातळ, हलके, नदीकाठीच ओतायचे आणि दोरखंड, कप्पी आणि गावची माणसं लावून खांबांवर ओढून घ्यायचे. असं तोवर आपल्याकडे कुणी केलेलं नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, "बाई, हा पूल म्हणायचा की साकव?" गावातल्या बायकांनी डोक्यावरून वाळू वाहिली. त्यांत हिराबाई होती, तेव्हा नुकतं लग्न होऊन आलेली. पुढे ती त्याच गावची सरपंच झाली. ती सांगायची, "शेवटचा गर्डर बसला तवा बाईच पयल्या गेल्या त्यावरनं. एकट्या. मदी जाऊन नाचल्या. आमी बगितलंय ना." बाई हे साफ नाकारायच्या.

पूल टिकला. आजूबाजूच्या गावांनी मागणी केली. बाईंनी नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस काढलं आणि तशाच बारीक गर्डरांचे दहा-बारा पूल जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेर उभे केले. लांबून इंजिनिअर बघायला यायचे. एवढ्या कमी काँक्रीटमध्ये, क्रेनशिवाय, गावकऱ्यांच्या हातांनी! बाईंचं नाव झालं ते या सडपातळपणामुळे.

दरवर्षी पावसाळा संपला की दिवाळीच्या आधी बाई आपल्या प्रत्येक पुलाला भेटून यायच्या. मी बरोबर असायची. खालून बघायचं, हातोडी मारायची, खांबाच्या बुडाशी पाण्याने किती खरवडलंय ते मोजायचं. खडवलीकडच्या त्या पहिल्या पुलाला सगळ्यात शेवटी जायचं, कारण हिराबाईकडे जेवण असायचं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि निघताना पिशवीभर काकड्या.

सात-आठ वर्षांपूर्वी बाईंचा कान कमी व्हायला लागला. "खालच्या लेथने खाल्ला," म्हणायच्या. यंत्र घेतलं, पण नदीवर गेलं की ते काढून पर्समध्ये टाकायच्या, त्यात नुसता वारा घोंघावतो म्हणून. माझ्या लक्षात आलं होतं की हातोडी मारल्यावर त्या हल्ली दुसरा हात काँक्रीटवर ठेवतात आणि डोळे मिटतात. मी विचारलं नाही.

त्या वर्षी नदीला मोठा पूर येऊन गेला होता. आम्ही पुलाखाली उतरलो. बाईंनी गावाकडच्या गर्डरच्या टोकाला हातोडी मारली, डोळे मिटले. पुन्हा मारली. मग माझ्याकडे वळून त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत ती मी कधी हातात धरली नव्हती.

मी मारली. टण्ण. पुढे सरकले. टण्ण. मग खांबाजवळ, जिथे गर्डर टेकतो तिथे मारली, आणि माझा हात तसाच राहिला.

"काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"परत मारून बघू का?"

"पहिल्यांदा काय म्हणाला ते सांग."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पाण्याचा आवाज होता, म्हणून मला ओरडूनच सांगावं लागलं. "ढप म्हणाला, बाई."

त्यांनी मान हलवली. छिन्नी मागितली, आणि दोन घावांत काँक्रीटचा ताटाएवढा पापुद्रा खाली आला. आतली सळई पापडासारखी पदर सुटून आली होती. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. काँक्रीटचं जे आवरण सळईला वाऱ्यापाण्यापासून वाचवतं ते इथे जेमतेम होतं. गर्डर हलका करायला बाईंनीच ते कमी ठेवलं होतं. ज्याचं कौतुक झालं तेच नडलं होतं. हे मला कळायला रात्र जावी लागली. बाईंना तिथेच, त्या क्षणी कळलं असणार. त्यांनी तो पापुद्रा उचलून काठावर ठेवला. मग नदीत हात धुतले आणि म्हणाल्या, "चल, हिराबाई वाट बघत असेल."

त्या दिवशी त्या नेहमीसारख्या जेवल्या. भाकरी मागून घेतली. हात पुसता पुसता म्हणाल्या, "हिराबाई, पुलावरून ट्रॅक्टर आजपासून बंद करा. माणसांचं मी तपासून सांगते."

तपासणी झाली. मशीनवाले आले, त्यांनीही तेच सांगितलं. आता अहवाल लिहायचा होता. ऑफिसातले भागीदार बाईंपेक्षा वीसेक वर्षांनी लहान होते, हुशार होते आणि मनाने वाईट मुळीच नव्हते. ते खुर्ची ओढून बाईंच्या चांगल्या कानाशी बसले.

"बाई, तेव्हाच्या नियमांत तुमचं सगळं बसत होतं."

"गंजाने नियम वाचलेले नाहीत."

"मान्य. पण रचनेतला दोष असं आपणच कशाला लिहायचं? वयोमानाप्रमाणे झीज म्हणू. पूल बंद व्हायचा तो होईलच ना!"

"झीज लिहिलं तर हा एक पूल बंद होईल. दोष लिहिला तर बाकीचेही तपासावे लागतील."

भागीदारांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग अगदी हळू, बाईंना ऐकू आलं की नाही कोण जाणे, म्हणाले, "बाई, तुमचं सगळं आयुष्य आहे ते."

बाईंना ऐकू आलं होतं. "म्हणूनच मी लिहितेय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मला राग आला असता."

अहवाल गेला. पुढच्या वर्षभरात आम्ही त्यांचे सगळे बारीक पूल तपासत फिरलो. आता हातोडी माझ्याच हातात असायची. एका डोंगराळ गावातला पूल ठणठणीत निघाला. तो ओढा होता, पाणी चारच महिने, आणि गर्डर वाऱ्यावर उघडा. मी खुणेने सांगितलं तरी बाईंनी मला पुन्हा पुन्हा मारायला लावलं, प्रत्येक वेळी माझा चेहरा बघितला, आणि मग काठावर बसून एक अख्खा पेरू खाल्ला. तसे दोनतीनच निघाले. बाकीच्यांवर बाईंनी एकेक करून फुली मारली. वर्तमानपत्रात छापून आलं. कुणी लिहिलं, हा प्रामाणिकपणा. कुणी लिहिलं, चाळीस वर्षं लोकांचा जीव टांगणीला लावला. काही जुने इंजिनिअर खासगीत म्हणाले, बाईंचं वय झालंय, हे पूल डागडुजी करून सहज आणखी दहा वर्षं गेले असते. ते चूक होते असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. भागीदारांनी बाईंना वाकून नमस्कार केला आणि वेगळं ऑफिस थाटलं. कामं त्यांच्याकडे गेली. आमचा गाळा बंद झाला त्या दिवशी बाईंनी खालच्या लेथवाल्यांना पेढे दिले. का, ते ना त्यांना कळलं ना मला.

बाकीच्या ठिकाणी हळूहळू गर्डर बदलले गेले, एकदोन ठिकाणी नवे पूल आले. पहिल्याच पुलाचं घोडं अडलं. नवा पूल मंजूर झाला, जागा बदलली, पुन्हा मंजूर झाला. तोवर जुन्या पुलाच्या तोंडाशी पत्रे आणि काटेरी तार लावली होती. गावकऱ्यांनी पहिल्याच महिन्यात ती बाजूला सारली. त्यांचंही काय चुकलं? पुलावरून जीपचा रस्ता हाकेच्या अंतरावर. पूल सोडून जायचं तर नदीकाठाने वरच्या धरणरस्त्यापर्यंत जाऊन वळसा घालायचा, त्यात सकाळ जायची. दूध नासायचं, नोकरीवाल्यांची गाडी चुकायची.

हे कळल्यावर पावसाळा लागताच बाई पुलाच्या तोंडाशी जाऊन बसायला लागल्या.

खरंच बसायच्या. डोंबिवलीहून सकाळी निघायच्या, खडवलीला उतरून जीपने नदीवर. काकांनी ताडपत्री बांधली होती, तिच्याखाली दोघं बसायचे, काका शब्दकोडं सोडवत आणि बाई नदीकडे बघत. सुट्टीच्या दिवशी मी जायची. नदी खाली असली की बाई काही बोलायच्या नाहीत, लोक जायचे-यायचे. पाणी चढलं की उठून पुलाच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि दोन्ही हात पसरायच्या. दूधवाला मोटारसायकल घेऊन आला तर त्याला मागे वळवायच्या. तो चिडायचा, हात जोडायचा, शिव्याही द्यायचा. बाईंना ऐकू यायचं नाही, एका अर्थी बरंच होतं.

एके दिवशी हिराबाई आली. तिच्या सुनेला दिवस भरले होते, दवाखान्यात न्यायची होती. पाणी पुलाला लागत नव्हतं, पण जोर होता. बाई हात पसरून उभ्या. गावकऱ्यांनी वळशाच्या रस्त्याने गाडी मागवली होती, पण ती यायला वेळ होता. हिराबाई बाईंच्या पुढ्यात उभी राहून बोलायला लागली. त्या दोघींची चाळीस वर्षांची ओळख, पण असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतेय?"

"काही नाही बाई, काळजीत आहे ती."

"काय म्हणतेय ते सांग."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. ते वाक्य मला त्यांच्या कानात ओरडावं लागलं, सगळ्या गावासमोर. "ती म्हणतेय, तुमचं नाव कमावून झालं आमच्या पुलावर. आता आमचं माणूस मेलं तरी तुम्हाला काय! दिलंत तुम्ही, आणि काढूनही तुम्हीच घेताय."

बाई हिराबाईकडे बघत राहिल्या. पसरलेले हात खाली आले नाहीत. "तिला सांग," त्या मला म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे." आणि मग स्वतःच मोठ्याने, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या बेसूर आवाजात, "हिराबाई, तुझं बरोबर आहे. पण नको जाऊस."

हिराबाई गेली नाही. सुनेला वळशाच्या रस्त्याने नेलं. बाळ गाडीतच झालं. दोघं सुखरूप राहिली, पण त्यानंतर हिराबाई बाईंशी बोलली नाही. ताडपत्रीच्या समोरून तोंड फिरवून जायची. त्या दिवाळीला काकड्या आल्या नाहीत. बाईंनी काकांना, मला, कुणालाच त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त त्यांची पर्स हलकी झाली. खडीसाखर ठेवणं त्यांनी सोडलं. ती हिराबाईच्या नातवंडांसाठी असायची हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या पावसाळ्यातही बसल्या. काका म्हणायचे, "अगं, पुरे आता. आपण सांगायचं ते सांगितलं." त्या म्हणायच्या, "अहो, अजून उभा आहे तो. पडला असता तर घरी बसले असते." भाद्रपदात ताप आला. आधी अंगावर काढला, मग न्यूमोनिया झाला. डोंबिवलीतल्या हॉस्पिटलात त्या खाटेवर इतक्या लहान दिसत होत्या की मी आधी दुसऱ्याच खाटेकडे गेले.

"पाणी किती आहे?" त्या सारख्या विचारायच्या. नर्स धावत ग्लास घेऊन यायची. त्या मान फिरवायच्या. नर्स म्हणाली, "अहो, सारखं पाणी मागतात आणि घेत नाहीत."

मी बाहेर जाऊन हिराबाईला फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, बाई विचारतायत, नदीला पाणी किती आहे? पलीकडे बराच वेळ फक्त पावसाचा आवाज. मग ती म्हणाली, "त्यांना सांग, पानी उतरलंय."

मी आत येऊन त्यांच्या कानात सांगितलं, पाणी उतरलंय, हिराबाईने सांगितलंय. बाईंनी डोळे मिटले. हिराबाईचं नाव ऐकू आलं की नाही ते मला कळलं नाही. त्या दिवशी पाणी उतरलं नव्हतं, उलट चढत होतं, हे मला नंतर समजलं.

पहाटे बाई गेल्या.

काकांनी मला सांगितलं, गावी कळव. मी हिराबाईला कळवलं. "येतो," एवढंच म्हणाली. माणसं जमली. ऑफिसातले जुने लोक आले, भागीदार आले आणि जिन्यातच एका पायरीवर बसून राहिले. सगळी तयारी झाली तरी काका दारात उभे. "थोडं थांबू या. गावाकडचे येतायत." अर्धा तास गेला, तास गेला. पाऊस थांबेना. शेवटी काकांच्या पुतण्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, किती वेळ ठेवणार? ते नसतील येत. इतकं सगळं झालंय." काकांनी एकदा रस्त्याकडे बघितलं आणि मान हलवली.

सगळं उरकून आम्ही घरी परतलो. काका खिडकीपाशी बसले होते. शेजाऱ्यांनी चहा आणला, तो कुणी घेतला नाही. इतक्यात जिन्यात खूप पावलं वाजली. मी दार उघडलं तर जिनाभर माणसं. पंधरा-वीस असतील, पुढे हिराबाई, मागे तिची सून कडेवर मूल घेऊन, दूधवाला, म्हातारेकोतारे. गुडघ्यापर्यंत चिखल, कपडे पिळून काढावेत असे ओले.

हिराबाईने आत बघितलं. रिकामी जागा बघितली.

"नेलं?"

"खूप वाट बघितली हो," काका म्हणाले.

"लांबनं आलो, भाऊ. वळशाच्या रस्त्यानं. गाडी मिळाली नाय, तर चालत."

पुतण्या बिचारा भोळेपणाने बोलून गेला. "अहो, पण पूल तर उघडाच आहे ना? तुम्ही रोज जाता म्हणे. त्यावरून आला असतात तर भेटल्या असत्या बाई."

हिराबाईने त्याच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. तिला त्याचा प्रश्नच कळला नसावा असं वाटलं.

"पानी चढलंय आज," ती म्हणाली. "बाई नको म्हनल्या असत्या."

हिराबाई उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, मागची माणसंही जिन्यात तशीच. मग काका उठले. कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या, छत्री घेतली नाही. "चला," म्हणाले, "कुठे नेलं ते दाखवतो." आणि त्या सगळ्या ओल्या माणसांच्या पुढे होऊन ते पुन्हा जिना उतरायला लागले.